रानभेंडीचे देणे : जनुकांवरील पुस्तकाची प्रस्तावना

1985 साली परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठाने भेंडीचे एक वाण शेतकऱ्यांसाठी प्रसारित केले. त्याचे नाव ‘परभणी क्रांती’. हे वाण जिल्ह्यापुरते राहिले नाही, राज्यापुरतेही राहिले नाही. भेंडीच्या बियाण्याची पिशवी मागताना दूरदूरचे शेतकरी परभणीचे नाव घेऊ लागले. जनुके म्हणजे काय आणि ती सजीवांना कशी घडवतात, हे सांगणाऱ्या पुस्तकाची सुरुवात मी या भाजीपासून करतो आहे. जनुकाबद्दल जे समजून घ्यायला हवे, त्यातले बहुतेक सारे या एका वाणाच्या जन्मात आणि पुढच्या आयुष्यात आहे. शिवाय ते आपल्या वावरात घडलेले आहे.

भेंडी लावणाऱ्याला हळद्या ठाऊक असतो. कोवळ्या पानाच्या शिरा आधी पिवळ्या पडतात आणि हिरव्या पानावर पिवळी जाळी दिसू लागते. मग सारे पान पिवळे होते. फळे लागतात ती फिकट, आखूड आणि निबर. अशा मालाला मोंढ्यात कोणी हात लावत नाही. झाड लहान असतानाच रोग आला, तर त्या वावरातून घरखर्चही निघत नाही. या रोगाची नोंद मुंबई इलाख्यातल्या पिकांच्या रोगांचा अभ्यास करताना जी. एस. कुलकर्णी यांनी 1924 मध्ये केली. 1940 मध्ये उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी त्याचे वर्णन करून त्याला ‘भेंडीचा यलो व्हेन मोझॅक’ हे नाव दिले. हा रोग विषाणूचा आहे आणि पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. झाडाच्या आत शिरलेल्या विषाणूला मारणारे औषध नाही. माशीवर फवारत राहायचे, एवढेच शेतकऱ्याच्या हाती उरते. आणि भेंडी तर दिवसाआड तोडावी लागते, म्हणजे फवारलेले विष थेट ताटात येण्याची भीती.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत हरभजन सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1950 च्या दशकात ‘पुसा सावनी’ हे वाण तयार केले, तेव्हा हा प्रश्न सुटला असे वाटले होते. काही वर्षे ते शेतात टिकले, नंतर हळद्याला बळी पडू लागले. चव, रंग, उत्पादन सगळे चांगले, फक्त रोगापुढे हात टेकलेले, असे हे वाण परभणीच्या संशोधकांपुढे होते.

एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर या दोघांनी उत्तर शोधले ते रानात. भेंडीची एक जंगली बहीण आहे, रानभेंडी. तिची फळे खरखरीत, केसाळ, खाण्याच्या कामाची नाहीत. पण हळद्या तिच्यावर येत नाही. तिचा हा एक गुण घ्यायचा आणि बाकी सगळे रान मागे सोडायचे, असे हे काम होते. सांगायला सोपे, करायला अवघड. आपल्या भेंडीच्या पेशीत बहुधा 130 गुणसूत्रे असतात आणि रानभेंडीच्या पेशीत त्याच्या निम्म्याच्या आसपास. इतका फरक असलेल्या दोन जातींची संतती पुष्कळदा वांझ निघते. या संकरात मात्र काही बी धरले आणि त्या थोड्या बियांवर पुढचे सगळे उभे राहिले.

भेंडीचे फूल सकाळी उमलते आणि दुपारनंतर मिटते. संकर करणारा माणूस आदल्या संध्याकाळी कळी उघडून तिचे पुंकेसर चिमट्याने काढतो, कळीवर कागदी पिशवी चढवतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हव्या त्या फुलाचे परागकण तिच्या कुक्षीवर लावतो. मग चिठ्ठी बांधायची, फळ वाळेपर्यंत थांबायचे, बी वेगळे ठेवायचे आणि पुढच्या हंगामात पेरायचे. असे ओळीमागून ओळी, हंगामामागून हंगाम. जनुकाचा शोध म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काचेच्या नळ्या आणि पांढरे डगले येतात. पण जनुकशास्त्राचा मोठा भाग असाच उन्हात, पिशव्या बांधत आणि झाडे मोजत उभा राहिला आहे. त्या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि या पुस्तकात तो ठिकठिकाणी दिसेल.

झाडे मोजून जांभळे आणि नेरकर यांना काय कळले? पुसा सावनी आणि रानभेंडी यांची पहिली पिढी रोगाला दाद न देणारी निघाली. म्हणजे आईबापांपैकी एकच प्रतिकारक असला तरी पुरत होते. पुढच्या पिढीत मात्र काही झाडे पुन्हा पिवळी पडली. पहिल्या पिढीत दिसेनासा झालेला दुबळेपणा नाहीसा झाला नव्हता, तो नुसता झाकलेला होता. निरोगी आणि रोगट झाडांचे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या मोजल्यावर 1981 मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: रानभेंडीतला हा प्रतिकार एकाच प्रभावी जनुकाच्या हाती आहे.

हे प्रमाण तेव्हाच्या ऑस्ट्रियातल्या ब्रुन्न शहरातल्या एका मठात ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्याची झाडे मोजून 1865 मध्ये सांगितले होते. प्रत्येक गुणासाठी झाडाजवळ दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. बी धरताना त्या सुट्या होतात आणि प्रत्येक बीजपेशीत एकेकच प्रत जाते. प्रभावी प्रत एक जरी असली तरी तिचा गुण दिसतो, दुसरीचा गुण दिसायला दोन्ही प्रती तशाच लागतात. म्हणून संकराची पहिली पिढी एकसारखी असते आणि दुसऱ्या पिढीत चारात तीन एका तऱ्हेची, एक दुसऱ्या तऱ्हेचे असा हिशेब लागतो. मेंडेल यांनी जनुक कधी पाहिले नाही. जांभळे आणि नेरकर यांनीही ते पाहिले नव्हते. झाडांच्या मोजणीवरून ते तिथे असलेच पाहिजे एवढे त्यांनी ओळखले, आणि तेवढ्यावर एक वाण उभे केले. संकराचा पुन्हा पुसा सावनीशी संकर करायचा, रोगट झाडे टाकायची, निरोगी ठेवायची. असे दर खेपेला रानभेंडीचा वाटा निम्म्याने घटतो, आणि माणसाची नजर हवे ते जनुक तेवढे धरून ठेवते. मग स्थिर होईपर्यंत निवड. ‘परभणी क्रांती’ हे अशा निवडीचे फळ आहे. हे सरळ वाण असल्याने शेतकऱ्याला त्याचे बी घरी धरता आले, ही गोष्टही लहान नाही.

आता जनुक प्रत्यक्षात काय असते ते सांगायला हवे. पेशीच्या केंद्रकात गुणसूत्रे असतात, गुणसूत्रात डीएनएचा लांबच लांब दुहेरी धागा. हा धागा चार रसायनांच्या जोड्यांचा बनलेला आहे. त्यांना ए, टी, जी, सी अशी अक्षरे देतात. त्यांच्या ओळीतला क्रम हाच आईबापांकडून आलेला ऐवज. या धाग्याचा एखादा तुकडा पेशीला विशिष्ट प्रथिन कसे बांधायचे ते सांगतो. असा तुकडा म्हणजे जनुक. तीन-तीन अक्षरांचा एकेक गट प्रथिनातला एकेक घटक ठरवतो. ही सांकेतिक भाषा उलगडणाऱ्यांत आपले हरगोविंद खुराना होते, आणि त्या कामासाठी त्यांना 1968 चे नोबेल पारितोषिक वाटून मिळाले. माणसाच्या पेशीत आईकडून किंवा बापाकडून आलेल्या एकेका संचात अशा अक्षरांच्या सुमारे 3 अब्ज जोड्या आणि प्रथिने सांगणारी सुमारे 20,000 जनुके आहेत. धाग्याचा उरलेला फार मोठा भाग प्रथिने सांगत नाही. त्यातला काही भाग कोणते जनुक कधी आणि कुठे चालू करायचे ते ठरवतो.

आणि हे चालू-बंद होणेच मला सगळ्यात विलक्षण वाटते. भेंडीच्या मुळाच्या पेशीत, पिवळ्या पाकळीच्या पेशीत आणि फळावरच्या लवेच्या पेशीत डीएनए तोच आहे. अक्षर न्‌ अक्षर तेच. मूळ मूळ होते आणि पाकळी पाकळी होते, कारण तिथे वेगवेगळी जनुके जागी होतात, वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या प्रमाणात. शेजारची पेशी काय सांगते, दिवस किती मोठा आहे, जमिनीत ओल किती आहे, यावर हे जागे होणे अवलंबून असते. म्हणून ‘अमुक गुणाचे जनुक’ असे आपण सर्रास म्हणतो, तेव्हा त्यात एक घोटाळा असतो. जनुक एकट्याने गुण घडवत नाही. बाकी सगळे तसेच असताना एका जनुकाच्या दोन प्रतींमुळे जो फरक पडतो, तेवढा त्याच्या नावावर मांडता येतो. हा भेद मनात ठेवला तर पुढची सगळी प्रकरणे सोपी जातील, आणि वर्तमानपत्रातल्या जनुकांच्या अर्ध्याहून अधिक बातम्या वेगळ्या नजरेने वाचता येतील.

याचा धडा मराठवाड्याने ज्वारीत घेतला आहे. 1964 मध्ये भारतातली पहिली संकरित ज्वारी, सीएसएच-1, आली. तिचे दोन्ही पालक अमेरिकेतून आलेले होते. ती ठेंगणी होती, लवकर तयार होत होती आणि दाणा भरपूर देत होती. ज्वारीचा ठेंगणेपणा मुख्यतः चार जागच्या जनुकांवर ठरतो, हे क्विन्बी आणि कार्पर या अमेरिकी संशोधकांनी 1954 मध्ये दाखवले होते. ठेंगणे ताट वाऱ्याने लोळत नाही आणि खताचा जोर दाण्यात जातो. पण घरी बैलजोडी असणाऱ्या शेतकऱ्याला कडबाही पिकवायचा होता, आणि उंचीबरोबर कडबाही गेला. हे नुकसान तरी डोळ्यांना दिसणारे होते. दुसरे नुकसान जास्त खोल होते. इथल्या जुन्या खरीप ज्वाऱ्या दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलोऱ्यात येत. पेरणी जूनच्या शेवटी करा की जुलैत, कणीस बाहेर पडायचे ते पावसाळा ओसरताना, आणि दाणा भरायचा कोरड्या हवेत. दिवसाच्या लांबीचा हा हिशेब ज्या जनुकांनी ठेवला होता, त्यांच्या वेगळ्या प्रती संकरित ज्वारीत आल्या. ती दिवसाच्या लांबीची वाट न पाहता ठरल्या वेळी फुलली, आणि तिचा दाणा सप्टेंबरच्या झडीत सापडला. बुरशी आली, दाणा काळा पडला. काळ्या ज्वारीची भाकरी ज्यांनी खाल्ली त्यांना ती अजून आठवते.

त्या जनुकात दोष काही नव्हता. अमेरिकेच्या कोरड्या सुगीत तेच जनुक उपकारक होते. दाणा काळा पडण्याचे कारण जनुकात एकट्यात नव्हते, पावसातही एकट्यात नव्हते, ते दोघांच्या भेटीत होते. रब्बीत मात्र शेतकऱ्यांनी मालदांडी सोडली नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रावर 1930 च्या दशकात स्थानिक ज्वारीतून निवडलेले हे वाण परतीच्या ओलीवर येते, मोत्यासारखा दाणा देते आणि वर कडबाही देते. इथली थंडी, इथली काळी जमीन आणि इथले लहान दिवस यांच्याशी त्याच्या जनुकांची जुळणी पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. ती कोणा एकाने केलेली नाही. सुगीत चांगली कणसे वेगळी काढून बियाण्याला ठेवणाऱ्या, नाव न उरलेल्या बायका-पुरुषांनी ती केली. जनुकशास्त्राच्या इतिहासात त्यांना मेंडेलच्या आधीची जागा द्यावी असे माझे ठाम मत आहे.

परभणीतले काम पुढेही चालू राहिले. 1972 मध्ये स्थापन झालेल्या आणि 2013 पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विद्यापीठाने हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेबरोबर 2018 मध्ये ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी दिली. तिच्या दाण्यात लोह आणि जस्त जास्त आहे: लोह किलोमागे सुमारे 45 मिलिग्रॅम, जस्त सुमारे 32. रक्तक्षयाने थकलेल्या मराठवाड्यातल्या बायकांचा विचार केला की या आकड्यांचे मोल कळते. अर्थात लोह जनुके तयार करत नाहीत. ते जमिनीतून उचलायचे आणि दाण्यापर्यंत पोचवायचे काम जनुकांच्या सांगण्यावरून बनलेली प्रथिने करतात. जमिनीतच कमतरता असेल तर त्यांचेही हात बांधलेले.

‘क्रांती’चे पुढे काय झाले, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. काही वर्षांनी तिच्यावरही हळद्या दिसू लागला. रानभेंडीचे ते जनुक झाडातून निघून गेले नव्हते, बदलला होता समोरचा. हळद्याचा विषाणू अतिशय छोटा. त्याच्या गोल धाग्यात जेमतेम 2,700 अक्षरे, आणि त्याच्यासोबत त्याहून छोटा, साधारण निम्म्या लांबीचा, दुसरा एक गोल धागा असतो. मूळ विषाणू आणि हा सोबती मिळून रोगाची खरी लक्षणे उमटवतात. इतक्या थोड्या सामग्रीवर तो भेंडीच्या अवाढव्य जनुकसंचाला पुरून उरतो, कारण त्याची पिढी फार लवकर बदलते. प्रती काढताना अक्षरे चुकतात, दोन वेगळ्या विषाणूंचे तुकडे एकमेकांत मिसळतात, आणि हजारो एकरांवर एकच वाण उभे असले की त्या वाणाची कडी उघडणारी एखादी चूकही विषाणूच्या फायद्याची ठरते. तिचीच संतती वाढते. निवड आपणही करत होतो आणि निवड तिकडेही चालली होती.

हेच कापसात पुन्हा घडले. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे जनुक घातलेल्या बीटी कापसाला भारतात 2002 मध्ये परवानगी मिळाली. सुरुवातीला बोंडअळी आटोक्यात आली, फवारण्या कमी झाल्या. मग गुलाबी बोंडअळीत त्या जनुकामुळे झाडात तयार होणाऱ्या विषाला न जुमानणाऱ्या अळ्या वाढत गेल्या आणि 2017 च्या हंगामात मराठवाडा-विदर्भातल्या कापूस उत्पादकांनी त्याची किंमत मोजली. तिथे जनुक प्रयोगशाळेत एका जिवाणूतून उचलून घातले होते, इथे रानभेंडीतून परागकणाच्या वाटेने आणले होते. वाट वेगळी होती, पण दोन्हीकडे एकाच कडीवर सगळा भार टाकला होता. जनुक कोणत्या वाटेने आले यावर आपल्याकडे फार वाद झाले. ते आल्यावर शेत कसे ठेवले, वाणांची विविधता किती राखली, यावर फार कमी बोलले गेले. माझ्या मते हा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे.

प्रतिकाराच्या गणितात आणखी एक गुंता आहे. पुसा सावनीचा सौम्य प्रतिकार दोन अप्रभावी जनुकांवर असल्याचे हरभजन सिंग आणि सहकाऱ्यांनी 1962 मध्ये मांडले होते. रानभेंडीत तो एका प्रभावी जनुकावर निघाला. रोग तोच, पण उत्तरे दोन. यात गोंधळ काही नाही. एकाच शत्रूला रोखण्याचे वेगवेगळे उपाय वेगवेगळ्या वंशांना सापडलेले असतात. म्हणूनच रानातल्या, बांधावरच्या, कोणाला नको असलेल्या जातींचे बी जपून ठेवावे लागते. राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन संस्था हे काम करते, तिचे एक केंद्र अकोल्याला आहे. उद्याच्या भेंडीला लागणारे जनुक कोणत्या झुडपात आहे ते आज कोणी सांगू शकत नाही.

इतका वेळ पिकांबद्दल बोललो, आणि पुस्तकाचाही निम्मा भाग पिकांचा आणि जनावरांचा आहे. वाचकाला खरी ओढ माणसाच्या जनुकांची असते, हे मला माहीत आहे. पण माणसाकडे थेट गेले की आपले पूर्वग्रह आधी तिथे जाऊन बसतात. ‘खाण तशी माती’ म्हणत आपण सुनांचे, जावयांचे, सबंध जातींचे निकाल लावत आलो. आता त्याच निकालांना ‘जीन्समध्येच आहे’ असा नवा आधार मिळू लागला आहे. ज्याने काळ्या ज्वारीचे कारण नीट समजून घेतले, तो असे बोलताना थबकेल. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 50 लाखांहून अधिक माणसांचे डीएनए तपासले. एकट्या उंचीशी संबंध असलेल्या सुमारे 12,000 जागा त्यात सापडल्या. उंचीसारखी पट्टीने मोजता येणारी गोष्ट जर इतक्या ठिकाणी विखुरलेली असेल, आणि तरीही बालपणीच्या खाण्याने खाली-वर होत असेल, तर हुशारी, स्वभाव, संस्कार यांचे एकेक जनुक शोधणारी बोलणी किती पोकळ आहेत ते लक्षात येईल. खानदानाच्या आणि जातीच्या श्रेष्ठत्वाला जनुकशास्त्रात जागा नाही, हे मी इथे स्पष्टपणे लिहून ठेवतो.

याचा अर्थ जनुके दुबळी असतात असा नाही. नंदुरबार आणि गडचिरोलीच्या आदिवासी पाड्यांवर सिकलसेलने वेदना सोसणाऱ्या मुलांचा आजार डीएनएतल्या एका अक्षराच्या बदलाने होतो. हिमोग्लोबिनच्या एका साखळीतला सहावा घटक बदलतो, एवढेच. हा नेमका फरक व्हर्नन इंग्रॅम यांनी 1957 मध्ये दाखवला. दोन्ही प्रती तशा असल्या तर रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि रक्तवाहिन्यांत अडकतात. एकच प्रत असली तर माणूस सहसा धडधाकट असतो, आणि त्याला मलेरियाच्या गंभीर रूपापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळते. म्हणून मलेरियाच्या जंगलपट्ट्यांत हे अक्षर टिकून राहिले. तेच जनुक एका मुलाला वाचवते आणि त्याच्या भावाला दवाखान्यात नेते. सिकलसेलवरच्या प्रकरणात मी लग्नाआधीच्या रक्ततपासणीबद्दल सविस्तर लिहिले आहे. ते आरोग्यसेविका आणि शाळेतले शिक्षक यांनी अवश्य वाचावे आणि गावात बोलावे.

पुस्तक असे लावले आहे: पहिली दोन प्रकरणे पेशी आणि डीएनएची, मधली पाच पिके आणि जनावरांची, शेवटची तीन माणसांची. विज्ञान सोडून पुष्कळ वर्षे झालेल्या वाचकाने दुसऱ्या प्रकरणात अडकून पडू नये. ते वाचून पुढे जावे आणि मधल्या भागानंतर पुन्हा त्याकडे यावे, तेव्हा ते सहज समजेल.

ज्यांच्याकडे थोडी जागा आहे त्यांनी तिसऱ्या प्रकरणाआधी एक प्रयोग करावा. संकरित भेंडीचे बी आणून चार झाडे लावा. त्यांच्या काही कळ्यांवर उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी कागदी पिशवी बांधा, म्हणजे मधमाश्या बाहेरचे पराग आणणार नाहीत. पिशवी दोन दिवसांनी काढा, फळावर दोरा बांधून ठेवा आणि ते झाडावरच वाळू द्या. ते बी पुढच्या हंगामात एका ओळीत पेरा. मूळ चारही झाडे एकसारखी होती, या ओळीतली तशी नसतील. ज्या ज्या गुणांत मूळ संकराचे आईबाप वेगळे होते, त्या त्या गुणांत ही नातवंडे वेगळी दिसतील. प्रत्येक झाडाची उंची, पहिले फूल कोणत्या दिवशी आले, फळाच्या शिरा किती, लव किती, रंग गडद की फिका, आणि हळद्या आला की नाही, हे एका वहीत लिहा. किमान चाळीस झाडे असावीत, कमी असली तर प्रमाण नीट दिसत नाही. ती वही जवळ घेऊन तिसरे प्रकरण वाचायला घ्या.